पेटी मागितली, पेटीच आली

राग आला की माझं टायपिंग फार वेगात होतं. त्या सकाळी तर कीबोर्डची बटणं उपटून हातात येतील की काय, अशी परिस्थिती होती. सिन्नरच्या एका माणसानं माझ्याविरुद्ध तक्रार ठोकली होती. 'सांगितली एक वस्तू आणि पाठवली दुसरीच. सरळ सरळ फसवणूक. पैसे परत पाहिजेत.' माझ्याविरुद्ध! जिनं जुना मिक्सर विकताना झाकणावरचा केसाएवढा तडासुद्धा लिहून कळवला होता, तिच्याविरुद्ध!

ती दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं होती. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि वापरलेल्या वस्तू विकायच्या एका वेबसाइटची मला चटक लागली होती. आधी घरातला मिक्सर विकला, मग नवऱ्याचा न चालणारा कॅमेरा, 'चालत नाही' असं ठळक लिहून. मग कॉलनीतल्या बायका आपापली अडगळ घेऊन माझ्याकडे यायला लागल्या. प्रत्येक विक्रीनंतर घेणारा आपल्याला शेरा देतो, चांगला असला तर हिरवा आणि वाईट असला तर लाल. माझे सगळे हिरवे होते. मी चहा पिताना ते नुसते बघत बसायची. नवरा म्हणायचा, "दहावीला पडले नाहीत तेवढे मार्क आता पडताहेत तुला." बोलू देत. मला अभिमान होता.

आणि ही तक्रार कुठल्या मिक्सरबद्दल नव्हती. ती माझ्या सासूबाईंच्या पेटीबद्दल होती.

सासूबाईंची पेटी म्हणजे त्यांचा जीव. त्या बालवाडीत शिकवायच्या आणि संध्याकाळी कॉलनीतल्या मुलींना गाणं शिकवायच्या. भजनी मंडळात पेटीवर त्याच. मंडळातल्या एखाद्या बाईचा सूर घसरला तर डोळे वर न करता नुसती ती पट्टी जरा जास्त वेळ दाबून धरायच्या, बाई आपोआप वाटेवर यायची. स्वभावानं हट्टी, बोलणं फटकळ, आणि आपल्या आवाजाचा गर्व चांगला ताटभर. पण मी लग्न होऊन या घरात आले ते त्यांच्या सुरावर उठायला लागले, आणि खरं सांगायचं तर माझ्या माहेरी, वणीला, देवीचे नगारे ऐकूनही मला इतकं शांत कधी वाटलं नव्हतं.

मग त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हलका म्हणाले डॉक्टर. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात तर जसाच्या तसा राहिला. डावा मात्र खांद्यापासून लुळा पडला तो पडलाच. पेटीला दोन हात लागतात. उजव्यानं पट्ट्या वाजवायच्या आणि डाव्यानं मागचा भाता हलवायचा. भाता हलला नाही तर आत हवा भरत नाही, आणि हवा नाही तर पट्ट्या दाबून उपयोग काय? नुसतं लाकूड.

वर्षभर पेटी भिंतीशी झाकून ठेवलेली होती. सासूबाई रोज उजव्या हातानं तिच्यावरची धूळ पुसायच्या. मंडळानं दुसरी बाई आणली, ती कीबोर्ड वाजवायची. सासूबाई त्याला 'खेळणं' म्हणायच्या, पण भजनाला जायच्या, मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या, त्याही एका हातानं मांडीवर. मला ते बघवत नसे. एके दिवशी सकाळी पुसता पुसता म्हणाल्या, "सूनबाई, ही विक."

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. न वाजवलेली पेटी मरते. भाता कडक होतो, सुरांवर गंज चढतो. माझ्यासोबत तिला कशाला मारायची? वाजत्या घरी जाऊ दे. पण वाजत्याच घरी हं. शोकेसमध्ये ठेवणाऱ्याला द्यायची नाही."

एवढी एकच अट होती. जाहिरात त्यांनीच सांगितली आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केली, तेव्हा तसंच चालायचं. 'जुनी पेटी विकणे आहे. सागवानी. पहिल्यापासून एकाच हातची. आतून स्वच्छ, कसर नाही. कुठे चिकटत नाही, कुरकुरत नाही. उघडायला हलकी.' मी म्हटलं, सुराबद्दल काही लिहू या का? तर माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. "पेटी म्हटल्यावर सूर असणारच. भाकरी विकताना 'खाता येते' असं लिहितात का?"

फोटो मी नवऱ्याच्या नव्या मोबाइलवर काढला. झाकण उघडून काढणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, "बंदच राहू दे. पट्ट्या दिसल्या की माझा हात वळवळतो." मग बंद पेटीचा काढला, तोही जरा हललेला. वाद्यांचा विभाग मला त्या वेबसाइटवर सापडेना, म्हणून 'जुन्या दुर्मीळ वस्तू' मध्ये टाकली.

पुढच्याच आठवड्यात सिन्नरहून विचारणा आली. तिथल्या एमआयडीसीत कामाला असलेला गृहस्थ. आमच्यात जे प्रश्नोत्तर झालं ते मी नंतर इतक्यांदा वाचलं आहे की पाठ झालंय.

'पेटी आतून खराब नाय ना?'

'अजिबात नाही. दर दिवाळीला उघडून साफ केलेली आहे.'

'कड्या मजबूत हायेत का?'

'हो. दोन्ही बाजूंना उचलायच्या कड्या आहेत.'

मग सासूबाईंचा प्रश्न मी पाठवला, 'घरी कोण वापरणार?'

उत्तर आलं, 'मुलगी. तिचं लग्न हाय. लग्नात द्यायची हाय. तिनं मागितली म्हनून घेतोय.'

हे वाचून दाखवलं तर सासूबाईंनी भाजी निवडायची थांबवली. "परत वाच," म्हणाल्या. मी परत वाचलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या बाईचे डोळे सहजासहजी भरून येत नाहीत. "मुलीनं पेटी मागितली आणि बाप देतोय? लग्नात? असा बाप असतो? दे त्यालाच. किमतीची घासाघीस करायची नाही. पाठव."

पाठवली. जुन्या चादरीत गुंडाळून, खोक्यात घालून, एसटीच्या पार्सलनं. आणि हातात आलं काय, तर ही तक्रार.

आता समजलं ना मी का तापले होते? मी उत्तर लिहीत होते ते असं, 'आपणास वाद्याची किंमत कळत नसेल तर आपण ते मागवू नये. आपल्यासारख्या लोकांमुळेच...' पुढे आणखी बरंच होतं. वेबसाइटचं म्हणणं होतं की मी समाधानकारक खुलासा केला नाही तर पैसे त्याला परत जातील आणि माझ्या नावापुढे लाल शेरा लागेल. लाल! मी त्याच तिरमिरीत त्याला फोन लावला.

"काय हो, काय फसवणूक केली मी तुमची?"

"ओ मॅडम, तुमीच सांगा." आवाज दमलेला होता, पण तोही चिडलेला. "आमी पेटी मागितली. तुमी बाजा धाडला."

"बाजा?"

"बाजा नाय तर काय! भजनातला बाजा. त्योबी बिघडलेला. दाबून दाबून बोटं दुखली, आवाज नाय त्यात. मला पोरीचे कपडे ठेवायला पेटी पाहिजे हो. लुगडी, भांडी ठेवायला. तुमच्या बाज्यात काय ठेवू, लाडू? पाव्हणे हसायला लागले मला."

 मग एकदम सगळं उलगडलं. 'आतून स्वच्छ, कसर नाही.' 'चिकटत नाही, कुरकुरत नाही.' 'कड्या मजबूत.' अरे देवा! मी कपाळावर हात मारून घेतला. त्या माणसानं ट्रंक मागवली होती.

पण राग हा असा एकदम उतरत नाही, निदान माझा तरी नाही. "फोटो होता ना?" मी म्हटलं. "डोळे उघडून बघायचा ना!"

"बघितला. मला वाटलं लांबून काढला आसंल, म्हनून बारकी दिसती."

मी "बघते" म्हणून फोन आपटला. मागे वळून बघते तर सासूबाई दारात. सगळं ऐकलेलं. आणि हसताहेत! पदर तोंडात, खांदे गदगद हलताहेत, हसून हसून पुरेवाट. त्या झटक्यानंतर मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. भिंतीला टेकून खाली बसल्या.

"आई, तुम्हाला हसू येतंय? इथे मला चोर म्हणताहेत!"

"फोटो दाखव बघू." मी दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "अगं, मलाही ट्रंकच दिसतेय." आणि पुन्हा हसल्या. मग माझं ते अर्धं लिहिलेलं उत्तर वाचायला लावलं. मी तावातावानं वाचलं. त्या म्हणाल्या, "यातलं एक तरी वाक्य तू त्याच्या तोंडावर बोलशील का?"

"बोलेन!"

"हो, तू बोलशील म्हणा. माझंच चुकलं विचारायला." मग पदरानं डोळे पुसले, आणि पुसता पुसता त्यांचा चेहरा बदलला. जमिनीकडे बघत म्हणाल्या, "माझ्या बापालाही मी पेटीच मागितली होती."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत घरात कुणालाच माहीत नव्हतं.

सासूबाईंचं माहेर सायखेड्याचं. गोदाकाठची बागायत, घर खाऊनपिऊन सुखी. गावातल्या देवळात एक भजनीबुवा पेटी वाजवायचे, आणि त्यांच्या शेजारी बसून ही पोर नुसतं बघून बघून शिकली. लग्न ठरलं तेव्हा बापानं लाडानं विचारलं, काय पाहिजे तुला, सांग. ती म्हणाली, पेटी. बापानं गावच्या सुताराला बसवलं, उत्तम सागवान आणलं, पितळी कोपरे लावले, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात आणून ठेवली. ट्रंक.

"सगळं गाव बघायला आलं. काय पेटी, काय पेटी! मी रडले तर बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय म्हणून रडते."

"मग बोलला नाहीत तुम्ही? ही नव्हे, ती हवी म्हणून?"

"काय बोलणार? माझा बाप काही बहिरा नव्हता. मला देवळातून दर संध्याकाळी हाक मारून तोच न्यायचा. त्याला काय कळलं आणि काय नाही, ते त्यालाच ठाऊक. सुनेनं सासरी पेटी वाजवायची ही कल्पनाच त्या वेळी कुणाला झेपली नसती. आणि तेव्हा कुठे होतं गं तुमचं ते परत करायचं बटण?"

ती ट्रंक आमच्याच घरात होती. सासूबाईंच्या पलंगाखाली. मी रोज तिच्याभोवती केर काढत होते. आत सासऱ्यांचे जुने कोट, दोन गोधड्या आणि डांबरगोळ्या. वाजवायची पेटी सासूबाईंनी पुढे स्वतःच्या पगारातून घेतली होती, आणि त्यासाठी त्यांनी घरात किती बोलणी खाल्ली ते मात्र मी ऐकून होते.

"उठ," त्या म्हणाल्या. "पलंगाखालची पेटी ओढ."

"कशाला?"

"त्याला पेटी पाहिजे, माझ्याकडे एक नको असलेली पेटी आहे. पोरीनं जे मागितलं तेच तिला मिळायला नको का? चल, कोट काढ."

आता मी काय बोलले ते लिहिते, कारण माझा स्वभाव लपवण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "आई, अहो, पितळी कोपऱ्यांची सागवानी पेटी! त्यानं दिलेल्या पैशांत अशा पेटीचं झाकणसुद्धा येणार नाही आज." तर त्या म्हणाल्या, "मग झाकण तुला ठेवते. बाकीची त्याला देऊ."  थोड्या वेळानं मीच फडकं घेऊन पितळी कोपरे चिंचेनं घासत बसले होते. आणि घासता घासता मनात म्हणत होते, बाई, तू आहेस तरी कोण!

फोनवर कळवायचं आणि ट्रंक पार्सलनं पाठवायची, हे मला सोपं वाटत होतं. सासूबाईंना नाही. "एकदा पार्सल पाठवून काय झालं ते पाहिलं ना? आता तोंडानं बोलायचं. आणि माझी पेटी पुन्हा एसटीच्या टपावर आपटायची नाही."

मग मी त्याला 'रविवारी येतोय' एवढंच फोनवर कळवलं आणि आम्ही दोघी निघालो. नवऱ्यानं ट्रंक रिक्षात कोंबून दिली आणि "तुम्हा दोघींपुढे कोण बोलणार" म्हणून हात झटकले. द्वारका चौकातून सिन्नरची जीप धरली. ट्रंक टपावर दोरीनं बांधली. सासूबाई पुढे, ड्रायव्हरशेजारी, डावा हात मांडीवर नीट ठेवून. मोहदरीच्या घाटात जीप वळली की त्या मागे वळून विचारायच्या, "आहे ना गं वर?" आणि मागच्या सीटवर चेंगरलेली मी म्हणायची, "पडली असती तर आवाज आला नसता का?"

जीप थांबली तिथे तो माणूस घ्यायला आला होता. फोनवरून मला कोणी दांडगेश्वर वाटला होता. प्रत्यक्षात किडकिडीत, कंपनीचा निळा शर्ट रविवारीही अंगात. भांडायच्या तयारीनं आलेला स्पष्ट दिसत होता, तोंड घट्ट मिटलेलं. मग टपावरून ट्रंक खाली उतरली. उन्हात ते पितळी कोपरे असे चमकले की मला माझ्या चिंचेचा अभिमान वाटला. तो ट्रंककडे बघतच राहिला. हात लावला, मागे घेतला.

"ही कुनाची?"

"तुमच्या मुलीची," सासूबाई म्हणाल्या. "पेटी म्हणून पैसे घेतले ना आम्ही? मग पेटी नको का द्यायला?"

त्याच्या घरी अंगणात मांडव पडत होता. मुलगी बाहेर आली. ओढणी सावरत ट्रंकपाशी बसली, झाकण उघडलं, आत हात फिरवला, वास घेतला. नंतर बापानंच सांगितलं. त्याच्या गेलेल्या बायकोची अशीच पेटी होती, माहेरून आणलेली. आजारपणात विकावी लागली. पोरीनं दागिना मागितला नाही, कपडा मागितला नाही. म्हणाली, आईची होती तशी पेटी द्या. ती लोखंडी चालेना, लाकडीच पाहिजे. त्यानं सिन्नर पालथं घातलं, मग कंपनीतल्या साहेबांच्या कॉम्प्युटरवर शोधली. "आन् आला बाजा," तो म्हणाला, आणि आता त्यालाच हसू फुटलं. "माफ करा बाई. मी लय वाईट लिवलं तुमच्यावर."

"वाईट काय त्यात? बाजा आला तर बाजाच लिहिणार."

मी इकडे तिकडे बघत होते. आमची पेटी कुठे दिसेना. मग दिसली. कोपऱ्यात, देव्हाऱ्याशेजारी, स्वच्छ टॉवेलनं झाकलेली, वर हळदीकुंकू. चिडलेल्या माणसानं ती अंगणात फेकून दिली असती तरी कोण विचारणार होतं? मी म्हटलं, "अहो, हिला हळदीकुंकू?" तो म्हणाला, "देवाच्या भजनातलं वाद्य हाय ताई. भांडान तुमच्याशी होतं, त्याच्याशी कशाला?"  माझ्या डोक्यातलं ते 'आपल्यासारख्या लोकांमुळेच' मला आठवलं आणि मी चहाचा कप उगाच दोनदा तोंडाला लावला.

सासूबाई पेटीजवळ जाऊन बसल्या. टॉवेल काढला. मुलगी शेजारी येऊन बसली. "आजी, हा बिघडलाय. मी सगळी बटणं दाबली."

"बिघडला नाही गं. याला मागून हवा द्यावी लागते." सासूबाईंनी झाकण उघडलं. पट्ट्या दिसल्या, आणि मी पाहिलं, त्यांचा उजवा हात खरंच वळवळला. डावा मांडीवरच. मुलीनं विचारलं, "मग वाजवून दाखवा ना. मंगलाष्टकं वाजतात का याच्यावर?"

 मला वाटलं आता त्या नेहमीसारखं म्हणतील, 'नाही गं, हात धरत नाही.' घरी कुणी आग्रह केला तर हेच म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं. मग मान माझ्याकडे वळवली.

"इकडे ये. भाता मार."

"मी?"

"तू नाही तर काय जीपचा ड्रायव्हर? बस पलीकडे. हा पडदा असा आत, असा बाहेर. चल."

मी बसले आणि दणादण हलवायला लागले. पेटीतून जो भेसूर आवाज निघाला त्यानं अंगणातली कोंबडी पळाली. सगळे हसले. सासूबाई ओरडल्या, "अगं, चूल नाही पेटवायची! हळू. श्वास घेतेस ना, तसं. श्वास कधी मोजून घेतेस का?"

मी हळू केलं. हाताखाली भाता भरायला लागला. आत काहीतरी जिवंत असावं तसं जाणवलं मला, खरंच सांगते. आणि मग पलीकडून त्यांचा सूर आला. वर्षभर मुका असलेला तो सूर मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता, तो माझ्या तळहातातून येत होता. त्या मंगलाष्टकांची चाल वाजवत होत्या. जिथे त्यांना आवाज चढवायचा असे तिथे नुसती भुवई उचलायच्या आणि माझा हात आपोआप जोर करायचा. कसं कळत होतं ठाऊक नाही. स्वयंपाकघरात मीठ किती यावरून रोज भांडणाऱ्या आम्ही दोघी.

मुलगी ट्रंकेला टेकून ऐकत होती. बाप उभाच होता, मांडवाच्या खांबाला धरून, आणि रडत होता. कुणाला लपवत नव्हता.

वाजवून झालं तेव्हा सासूबाईंनी पट्ट्यांवर हात तसाच ठेवला होता. मग त्या माणसानंच म्हटलं, "बाई, ही तुमी परत न्या. ही तुमचीच हाय. इथं राहिली तर हिला हवा कोन दील?"

त्यानं दुसऱ्याच दिवशी तक्रार मागे घेतली. शेरा हिरवा दिला आणि खाली लिहिलं, 'पेटी मिळाली. बाजाबी ऐकला. मानसं सोन्यासारखी.' वेबसाइटवाल्यांना काय बोध झाला असेल कोण जाणे. माझ्या सगळ्या शेऱ्यांमध्ये मला आवडणारा तो एकच.

परतीच्या जीपमध्ये आम्हाला मागची सीट मिळाली. पेटी माझ्या मांडीवर. घाट उतरेपर्यंत मी पेटीच्या कड्या चाचपत होते. शेवटी राहवेना.

"आई, एक विचारू? भाता मी मारू शकत होते. वर्षभर. घरातच तर होते. एकदा तरी म्हणायचं, ये गं, बस इथे. तुम्ही पेटी विकायला काढलीत, पण मला सांगितलं नाहीत. असं कसं?"

"तू तापट. भाता फाडला असतास."

"थट्टा नका करू. मला राग आलाय."

त्यांनी उजवा हात पेटीवर ठेवला. बाहेर शिंदे-पळसे गावांच्या द्राक्षबागा मागे पडत होत्या. 

"एकदा मागितलं होतं गं मी, आयुष्यात," त्या म्हणाल्या. "काय मिळालं ते आत्ताच देऊन आलो ना आपण."

  मी नुसती पेटी घट्ट धरून रडत बसले आणि समोरची बाई विचारत राहिली की जीप लागली का हो यांना.

नाशिक रोड आलं तसं सासूबाईंनी डोळे पुसले आणि आवाज पूर्ववत फटकळ केला. "उद्यापासून संध्याकाळी दिवा लावला की बसायचं. कुकर आधी लावून ठेव. आणि ती जाहिरात काढून टाक."

"काढते," मी म्हटलं.

"आणि अंगठ्याचं नख काप. भात्याला लागतं."

मी त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर आधी नख कापलं, मग जाहिरात काढून टाकली.